कापड ओढायचं न्हाई

गुंजन डाव्या हाताने कूस दाबून धरत आली, तेव्हा मलिकाचाची कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसली होती.

"चाची, उसवलं."

"काय उसवलं?" चाचीने मान वर केली नाही.

गुंजनने हात काढला. निळी जर्सी काखेपासून कमरेपर्यंत उघडी पडली.

चाचीच्या हातातला हुक खाली पडला. मलिकाचाचीची शिलाई उसवली, असं गोरेगावात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ब्लाउज विरून फाटायचे, शिवण मात्र जिथल्या तिथे.

"काहून? काय केलं तू?"

"काय न्हाई! खांबाला वळसा मारला, हात लांब केला, अन् तड तड तड!" गुंजनचा आवाज चिरकला. "जीप निघून राहिली चाची. सेनगावला पयला सामना आमचाच हाय."

"मग उसवून देते. होती तशी ढगळी घालून खेळ."

"ढगळी? न्हाई!"

शाळेत आलेल्या सगळ्या जर्स्या पोरांच्या मापाच्या होत्या. मागच्या वर्षी खो-खोत अशाच ढगळ्या जर्सीच्या टोकाला समोरचीचं बोट लागलं आणि गुंजन बाद झाली. अंगाला हात नाही, नुसत्या शर्टाला! म्हणून तर तिने काल चाचीकडून दोन्ही कुशी आत घेऊन आणल्या होत्या. आता सरांनी सांगून टाकलं होतं, जर्सी धड नसेल तर गुंजनच्या जागी रुपा पळेल.

चाचीने तिच्या अंगावर आपली ओढणी टाकली आणि जर्सी मागून घेतली. दारातल्या उजेडात धरून उसवलेली कड दोन्ही हातांनी ताणली. कापड रबरासारखं लांब झालं, सोडल्याबरोबर जागेवर आलं. फक्त तुटक्या दोऱ्याची टोकं मुंगीच्या पायांसारखी उभी राहिली.

"कापड कुठं फाटलं गं," चाची सावकाश म्हणाली. "कापड पळालं. माझा दोरा मागं राहिला."

मग तिने कापड डोळ्यांजवळ नेलं. पार नाकाला लावलं म्हणा ना.

"हे आपल्या कापडासारखं आडवं-उभं न्हाईच. सवेटरासारखं हाय. फासात फास."

दुसरी कूस अजून धड होती. चाचीने तीही ताणली. तड तड तड.

चाची मशीनवर बसली. नवी सुई लावली, दोऱ्याचा स्क्रू ढिला केला, टाका मोठा केला. जुन्या पेपरची पट्टी फाडून कापडाखाली सरकवली.

"पेपर काहून?"

"न्हाई तर मशीनचे दात खातील याला."

आणि मग चाचीने एक हात सुईच्या पुढे ठेवला, एक मागे, आणि कापड ओढलं.

गुंजनने आ वासला. उन्हाळ्यात हिच्याच शिवणवर्गात, याच मशीनवर, तिने बोटांवर किती पट्ट्या खाल्ल्या होत्या! 'कापड ओढायचं न्हाई! मशीनला नेऊ दे!' ती लाकडी पट्टी आत्ताही खिळ्याला लटकत होती.

"चाची, तुमीच ओढून राहिल्या!"

"गप. ते सुती कापडासाठी."

चाचीने जीभ दाताखाली धरली होती. पाय पायडलवर हळूहळू चालत होते. शेळीचं पिल्लू धरावं तसं तिने कापड धरलं होतं, निसटू द्यायचं नाही आणि आवळायचंही नाही.

बाहेर हॉर्न वाजला. "गुंजेऽ! येतीस का पळू मी तुझ्या जागी?"

"थांब गं रुपे, भवाने!"

दुसऱ्या कुशीचाही शेवटचा टाका पडला. चर्रर्र! गुंजनने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा चाची शिवणीखालचा पेपर फाडून काढत होती. शिवण गोगलगाय चालून गेल्यासारखी नागमोडी.

"शी! असली वाकडीतिकडी?"

"दिसतंय मला. तू पळायला चालली का लग्नाला? घाल."

अंगणातल्या लिंबाला खांब समजून गुंजन पळाली. वळसा मारला, अंग झोकलं, हात लांब केला आणि मातीत सपशेल आडवी झाली.

काहीच वाजलं नाही.

चाची तिच्याशेजारी उकिडवी बसली. "तशीच पड. हात घे जवळ. आता कर लांब. हळू."

दोघी बघत राहिल्या. हात लांब होत गेला तशी नागमोड सरळ झाली, एकेक टाका आपल्या जागी उलगडला, आणि हात जवळ येताच सगळे परत मिटले. झोपलेल्या लेकराचं पोट वरखाली व्हावं तसं.

"चाची," गुंजन हळूच म्हणाली, "श्वास घेऊन राहिली ही."

चाचीने शिवणीवरून बोट फिरवलं. "या अल्ला," एवढंच पुटपुटली.

जीप हलली. मागच्या सीटवर कोंबून बसलेल्या गुंजनने वळून पाहिलं. चाचीचा नवरा कय्युमचाचा उघडाबंब दारात उभा होता.

"अगं, माझी बनियन कुठं नेली?"

बनियन मशीनवर होती, तीही फासात फासच. मलिकाचाची ती पुढून ओढत होती, मागून ओढत होती, शिवत होती, उचलून ताणून बघत होती, आणि एकटीच हसत होती. मान वर न करताच ती ओरडली,

"गुंजेऽ! हारली तरी चालंल! उसवून येऊ नको!"