ओट्यावरचा दिनविशेष

जूचंद्र गावच्या अल्पेशला रांगोळीचं भारी वेड. रोज सकाळी ओट्यावर तो त्या दिवसाचा दिनविशेष रेखाटायचा आणि खाली तारीख घालायचा. सोळा एप्रिलला त्याने बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी काढली, तेव्हा समोरच्या नव्या बिल्डिंगमधली, इतिहास शिकवणारी ज्ञानदा शाळेत जाता जाता पहिल्यांदाच थांबली.

“गाडी मस्त. पण १८५३ साली वर विजेच्या तारा कुठून आल्या?”

तेव्हापासून ती रोज थांबायची आणि रोज एक चूक काढायची. ती थांबावी म्हणून अल्पेशही रोज एक चूक आवर्जून पेरायचा.

डिसेंबरात एके दिवशी मात्र त्याने ना गाडी काढली, ना गड. नुसता आपलाच ओटा काढला. त्यावर रांगोळी घालणारा मुलगा आणि पाठीला सॅक लावून वाकून बघणारी मुलगी. खाली त्या दिवसाची तारीख.

“हे कधी घडलं? मी कुठे वाचलं नाही,” ज्ञानदा म्हणाली.

“आज घडेल...” अल्पेशच्या मुठीतली रांगोळी सांडली. “तू हो म्हणालीस तर.”

आतून आई ओरडली, “अल्पेश, तुझ्या चहाचं पानी आटलं रे!” तरी कुणी हललं नाही.

“तारीख चुकलीय,” ज्ञानदा शेवटी म्हणाली. अल्पेशचा चेहराच पडला.

 

ज्ञानदाने खाली बसून तळव्याने ती तारीख पुसली, सांडलेल्या रांगोळीतली चिमूट उचलली आणि लिहिलं, ‘१६ एप्रिल’.