खिडकीखालची छाटणी

खिडकीखालच्या झुडपाला त्याने चारी बाजूंनी न्याहाळलं, एक डोळा बारीक केला आणि डावीकडची फांदी उडवली. तिच्यावरचा पांढऱ्या फुलांचा झुपका मातीत पडला. आयुष्यभर लोकांची डोकी भादरलेला माणूस. कुठे काही वेडंवाकडं वाढलेलं दिसलं की हात शिवशिवायचे त्याचे. कात्रीसुद्धा सलूनमधलीच.

"कसं दिसतंय?" त्याने खिडकीतून आत विचारलं.

आत पलंगावर बायको पडून होती. उशीवरून तिला गजांपर्यंत वाढलेलं झुडूप तेवढं बरोबर दिसे. "लग्नाला निघाल्यासारखं," ती म्हणाली.

झुडूप तिच्याच हट्टापायी आलं होतं. नर्सरीत कुंडीला अडकवलेल्या चित्रात पानं दिसू नयेत इतकी लालभडक फळं होती, आणि तिला ती पडल्या पडल्या बघायची होती. पण लावल्यापासून इतक्या वर्षांत एक फळ धरेल तर शपथ! खत घालून झालं, माती बदलून झाली. यंदा डॉक्टर म्हणाले होते, थंडी लागेपर्यंत काढतील, पुढचं विचारू नका. फळं थंडीच्या तोंडावर पिकतात, असं नर्सरीवाला म्हणाला होता. तेवढ्यावरच हा माणूस तग धरून होता.

घरात तो फारसा टिकत नसे. औषध दिलं, उशी सारखी केली, की "दुकानात गिऱ्हाईक आलं असेल" म्हणून सटकायचा. तिचे काडीसारखे झालेले हात बघवत नसत त्याला. बाहेर झुडपापाशी उभा राहिला मात्र, की तोंडाची टकळी सुरू. कोण कुणाशी भांडलं, टक्कल पडलेल्या कुणी मधोमध भांग पाडून मागितला. ती हसायची, खोकला येईपर्यंत हसायची.

फाटक वाजलं. मेव्हणी डबा घेऊन आली होती. मातीतली फुलं पाहून ती जागीच थबकली.

"भावजी, हे काय केलंत?"

"काय केलं? जरा आकार दिला."

"अहो, फुलं कापलीत की सगळी! मग फळं काय आभाळातून पडणार? याला जुन्या फांदीवर फुलं येतात. छाटलीत की ते वर्ष गेलं."

तो ओशाळं हसला. मग तेही हसू गेलं. खाली वाकून त्याने एक झुपका उचलला आणि जिथून कापला होता तिथे धरून पाहिला. वेडेपणाच तो, पण धरून पाहिला खरा.

"म्हणजे आता?"

"आता पुढच्या वर्षी," मेव्हणी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. डबा घेऊन ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात निघून गेली.

तो खिडकीचे गज धरून उभा राहिला. "ऐकलंस? मीच कापत होतो गं. दर वेळी मीच."

"मला ठाऊक होतं."

"काय?"

"पहिल्याच वर्षी कळलं. मला दुसरा उद्योग काय? दिवसभर तेच तर बघते. फुलं येतात, तुम्ही येता, फुलं जातात."

"अगं, मग बोलली का नाहीस? फळं हवी होती ना तुला?"

"हवी होतीच की." ती दम घ्यायला थांबली. "पण सांगितलं असतं, तर तुम्ही कात्री ठेवून दिली असतीत. मग इथे उभं राहून माझ्याशी कोण बोललं असतं? आत तर तुम्ही बसत नाही."

आत जावं, तिच्याजवळ बसावं, असं अगदी मनापासून वाटलं त्याला. पाय मात्र हलले नाहीत.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"उजवीकडे जरा वर आलंय बघा," ती म्हणाली.

उजवीकडे काहीच वर आलं नव्हतं. त्याने कात्री उचलली आणि पानांपासून वीतभर दूर, नुसत्या हवेत चालवत राहिला.