टाळूचा वास

डेपोतल्या इंधनाच्या टाक्यांवरचे गळती टिपणारे संवेदक शस्त्रक्रियेने प्रमिला गायधनींच्या नाकाशी जोडले होते. थेंबभर पेट्रोल झिरपलं, तरी कन्सोलपाशी बसल्या जागी त्यांना वास यायचा. त्या दुपारी तसा वास येताच त्यांनी झडप बंद केली, भोंगा वाजवला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. कुणालाही इजा झाली नाही.

संध्याकाळी त्या दवाखान्यात बाळंतीण लेकीकडे गेल्या. ऋजुताने बाळ त्यांच्या हातात दिलं. "आई, टाळू हुंगून बघ ना!"

प्रमिलाताईंनी टाळूला नाक लावलं. जोडणीनंतर पेट्रोलखेरीज कसलाच वास त्यांना येत नसे. लेकीला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"येतोय ना गं वास?"

"हो," बाळाला छातीशी धरून त्या म्हणाल्या, "तू एवढीशी होतीस तेव्हा यायचा, अगदी तसाच."