पाच मिलिमीटर

भिंतीला भोक पाडलं तर आवाज किती झिरपेल, हे बाबा गणित मांडून आधीच सांगत. नाट्यगृहं बांधणारे त्यांचा शब्द प्रमाण मानत. पण घरात लेक सगळं आईलाच सांगायची. ती नापास झाल्याचंही त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं. बाबांचा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा लेकच म्हणाली, “बाबा, माझ्या खोलीतलं बोलणं बाहेर ऐकू जातं. काहीतरी करा ना.” बाबांनी दाराला तिन्ही बाजूंनी रबरी पट्टी बसवली, खाली तेवढे मोजून पाच मिलिमीटर सोडले. एवढ्यातून बोलणं येणारच, गणित पक्कं होतं. संध्याकाळी मायलेकी आत शिरल्या, तसे बाबा पेपर घेऊन दाराशी बसले. “हळू गं,” आई म्हणाली, “बाबांनी फट ठेवलीये.” “माहितीये. म्हणून वहीत लिहिलंय. वाच.” पाच मिलिमीटरमधून वाचण्याचा आवाज येत नाही. दोघींच्या हसण्याचा मात्र गणिताबरहुकूम आला.