वैशाखातले स्वेटर

छावणीच्या फाटकाने आज गिरजा परटिणीला बाहेर सोडलंच नाही. डोक्यात लष्करी गुपित असलेला माणूस खालून गेला, की कमानीवरचा दिवा लाल होई, आणि गिरजाला पाहून तो भडकलाच.

"मावशी, कोणी काय सांगितलं?" हवालदार शेलारांचे डोळे बारीक झाले.

"सांगतंय कोण? भर वैशाखात चारशे लोकरी स्वेटर धुवायला आले. पलटण बर्फात निघाली, एवढं परटिणीला कळू नये?"

"मग पलटण जाईपर्यंत आतच राहा. बसा त्या बाकावर."

"अहो, आज लेकीची हळद आहे!"

शेलार विरघळले. निदान घरी निरोप द्यावा म्हणून स्वतःच फाटकातून बाहेर निघाले. दिवा लाल झाला.

"आता तुम्हालाही कळलंय ना, साहेब," म्हणत गिरजा बाकावर जरा सरकली.