झाकणाखालचं पान

२००६च्या दिवाळीआधी अंजूरला दाजींच्या भेंडीवर पानं खाणाऱ्या अळ्या पडल्या. नवं औषध किती चालतं ते तपासायला कंपनीची मृणाली आली. फवारलेलं एकेक पान डबीत घालून तिने दहा-दहा अळ्या सोडल्या.

सकाळी सगळ्या मेलेल्या होत्या. तिने त्या मोजून काढल्या. दुपारी नव्या अळ्या सोडायच्या म्हणून एका धुतलेल्या डबीत फवारलेलं ताजं पान ठेवून झाकण घट्ट लावलं.

"मॅडम, उद्या सगल्या शेतावर मारू ना?" दाजींनी विचारलं.

"मारा बिनधास्त."

ती जेवून आली तेव्हा दाजींची बायको कमळ डबीला कान लावून बसली होती. "बाय, आत कायतरी खातंय."

मृणालीने पान देठाला धरून बाहेर काढलं. एक कड कुरतडलेली होती. तिने ते उलटसुलट पाहिलं, भिंगाखाली धरलं. अळी नव्हती. कुरकुर मात्र स्पष्ट ऐकू येत होती आणि पानाची कड तिच्या डोळ्यांदेखत देठाकडे, तिच्या बोटांकडे सरकत होती.

"टाक ते, बाय!" कमळ ओरडली.

मृणालीने हात झटकला. पण पान संपलं होतं, आणि कुरकुर थांबली नव्हती.