मागच्या दाराचा मग

इमामसाहेबांनी खिडकीतला निळा मग उचलला, फुंकर घातली आणि नयना ओरडेपर्यंत दोन घोट घेतलेसुद्धा.

"तो नको! तो ड्रायव्हरचा आहे!"

ओरडली ती इंग्रजीत, त्यामुळे गैरसमजाला जागाच उरली नाही.

म्हातारे इमाम जागीच थांबले. नमाजाआधी हातपाय धुऊन ते बाथरूममधून थेट स्वयंपाकघरात आले होते, कोपरांवरून अजून पाणी ठिबकत होतं. चहा तयार आहे असं कानावर आलं, समोर भरलेला मग दिसला, तो त्यांनी घेतला. सोनेरी काठाच्या कपांचा ट्रे नयनाच्या हातात होता.

अर्ध्या तासापूर्वी याच बाईचे डोळे भरून आले होते.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला वर्ष राहिलं होतं आणि कतारमध्ये, दोह्यात, दर आठवड्याला माणसाच्या प्रतिष्ठेवर एखादी परिषद होत होती. तिथं बोलायला हे काळे अमेरिकन इमाम आले होते. नयनाचा नवरा सदानंद, शेजारच्या लुसैल शहरातल्या ट्रामवरचा इंजिनियर, त्यांच्या भाषणानं इतका भारावला, की त्यांना चहाला थेट अल गराफा भागातल्या आपल्या घरी घेऊन आला. आणि आल्याआल्या साइटचा फोन घेऊन अरबीत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, लवकर, करत बसला. मग ऐकायला उरली नयना.

इमाम सांगत होते. एकोणिसाव्या वर्षी ते आपल्या गावात गोऱ्यांच्या हॉटेलात जाऊन बसले आणि कॉफी मागितली. कॉफी मिळाली, पण मानेवर ओतलेली. पोलिसांनी धरलं ते यांनाच. पुढे मोर्चे, भाषणं, पुन्हा तुरुंग. आतून माणूस नुसता जळत होता म्हणे. अशात एकदा कोठडीतल्या एका म्हाताऱ्या मुसलमान कैद्यानं आपल्या वाडग्यातलं पाणी अर्धं प्यायलं आणि उरलेलं यांच्या हातात दिलं. काठ पुसला नाही, नाव विचारलं नाही.

"लोक विचारतात, कुठलं पुस्तक वाचून मुसलमान झालात," इमाम म्हणाले. "पुस्तक नंतर वाचलं. आधी ते पाणी प्यायलो."

त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी एका गरीब वस्तीतली मशीद सांभाळण्यात घालवलं होतं. तिथं कुणीही यावं आणि एका मोठ्या ताटात सगळ्यांबरोबर जेवावं.

नयनानं ओढणीनं डोळे टिपले. "आमच्याकडेही पूर्वी असलं फार होतं हो," ती म्हणाली. 'पूर्वी'वर तिनं चांगला जोर दिला. मग ती आत गेली, चहा केला आणि नेहमीप्रमाणे पहिला निळ्या मगात गाळून मागच्या दाराच्या खिडकीत ठेवला.

मग वेगळा ठेवायचा असं कधी कुणी ठरवलं नव्हतं. धनाजी माण तालुक्यातला. बायकोमुलं गावी आणि हा इथं सदानंदची गाडी चालवायला. पहिल्या दिवशी त्याला त्या मगात चहा दिला आणि तो त्याचाच झाला. बाहेरच्या नळावर तो धुवायचा आणि पालथा घालून ठेवायचा. असल्या सवयी कुणी बॅगेत भरून आणत नाही, त्या विमानात आपल्याआपण चढतात. पुढे करोना आला आणि मगाला वैद्यकीय कारणही मिळालं.

तशी नयना मायाळूच होती. धनाजीच्या आईच्या गुडघ्यांसाठी औषधं पाठवायची. होळीला त्याला पुरणपोळी द्यायची, वर तूप घालून. कागदी प्लेटमध्ये.

मागच्या दारालाच तिचा कढीपत्ता होता. दोह्याच्या उन्हात बाकीच्यांची झाडं करपायची आणि हिचं मात्र खांद्याला लागलेलं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका डहाळ्या मागायला यायच्या. "हाताला गुण लागतो," ती सांगायची. एकच कटकट होती, कुंडीला मुंग्या फार. औषध मारणारा माणूस दोनदा येऊन गेला. कढीपत्त्यात मुंग्यांना एवढं गोड काय सापडतं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आता इमामांनी हातातला मग फिरवून पाहिला. कानाचा टवका उडालेला. मग ट्रेमधल्या कपांकडे पाहिलं. ते चिडले असते तर नयनाला बरं वाटलं असतं.

"आमच्या गावातही असा एक पेला होता," ते म्हणाले. "एका मोठ्या घराच्या मागच्या दाराशी, खिळ्याला अडकवलेला. माझी आई त्या घरात स्वयंपाक करायची. त्यांच्या पोरांना मांडीवर घेऊन भरवायची आणि पाणी त्या पेल्यातून प्यायची. ती माणसंही फार चांगली होती. नाताळला आम्हाला केक पाठवायची."

नयनाचे कान तापले. स्वच्छता, करोना, सवय, सगळे शब्द तिच्या तोंडापर्यंत आले आणि परत गेले. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला.

इमामांनी मागचं दार उघडलं. धनाजी गाडीची काच पुसत होता. ते पायरी उतरले आणि अर्धा उरलेला मग त्यांनी त्याच्यापुढे धरला.

"ब्रदर," एवढंच म्हणाले.

धनाजीनं फडकं खांद्यावर टाकलं. हात पुढे केला नाही. त्यानं नयनाकडे पाहिलं, विचारल्यासारखं. ते पाहणं तिला सर्वांत जास्त लागलं.

"घे," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "घ्या, धनाजी."

त्यानं मग घेतला. इमामांचे ओठ लागले होते तिथूनच प्यायला, सावकाश, शेवटपर्यंत. मिशी पुसली. रिकाम्या मगात एकदा पाहिलं, एकदा कढीपत्त्याकडे, आणि मोकळेपणानं हसला.

"चा ब्येस करता की वैनी तुमी," तो म्हणाला. "उगंच इतकी वर्सं झाडाला घातला."